‘झोपेत गेली’ म्हणजे नेमकी कशानं गेली?

माझ्याकडं जुन्या कात्रणांची एक फाईल आहे. त्यात ऑगस्ट २००९ मधली एक सिंगल कॉलम बातमी आहे. सात ओळींची. मथळा, ‘झोपेतच शाळकरी मुलीचा मृत्यू’. शेवटची ओळ, ‘मृत्यूचे नेमके कारण समजू शकले नाही.’

बातमी मीच दिलेली. तेव्हा मी तालुका वार्ताहर होतो. पत्रकारितेचा डिप्लोमा करून चार-पाच वर्षं झाली होती आणि आपल्याला बातमी कळते असा समज होता. ‘कारण समजू शकले नाही’ हे वाक्य लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं. आज वाटतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

गाव आपल्याच जिल्ह्यातलं, नदीकाठचं. नाव लिहीत नाही, घरच्यांना पुन्हा त्रास नको. घर मजुराचं. पत्र्याची एक खोली, मागच्या बाजूला तुराट्यांचा कुड, आणि दारापाशी घरकुलाच्या विटा येऊन पडलेल्या. बांधकाम पावसामुळं थांबलेलं. आई, बाप आणि तीन लेकरं खाली जमिनीवर वाकळ टाकून ओळीनं झोपायची. मधली मुलगी सहावीत होती.

मी दुपारी पोचलो. आई बोलण्याच्या अवस्थेत नव्हती, तरी तुटक तुटक सांगत होती. “रात्री दोन-अडीचला उठली. माय, पोटात दुखायलंय म्हणली. ओवा दिला, पोट चोळलं. मग म्हणली डोळे उघडनात. मला वाटलं झोप आली असंल. झोप म्हणलं बाई. पहाटं पाणी पाजाया गेले तर गिळता येईना. बोलणं जड झालं.” उजाडता उजाडता बापानं शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर गावातल्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पोटाचं इंजेक्शन दिलं. तालुक्याला नेताना रस्त्यातच सगळं संपलं.

अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. पोस्टमॉर्टेमला बापानं हात जोडले, लेकराला कापू नका म्हणाला. पारावर कुणी म्हणालं, बाहेरचं असंल. कुणी म्हणालं, पोटात आतडं फिरलं असंल. मी वही मिटली आणि सात ओळी पाठवून दिल्या.

पुढं सात-आठ वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एक कार्यक्रम कव्हर करायला गेलो होतो. एक डॉक्टर सर्पदंशावर बोलत होते. माझं अर्धं लक्ष मोबाईलमध्ये. तेवढ्यात त्यांनी लक्षणं सांगायला सुरुवात केली. मध्यरात्रीनंतर पोटात दुखतं. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. मग गिळता येत नाही. मग बोलणं जड होतं. शेवटी श्वास. मी मान वर केली. माझ्या २००९ च्या वहीतलं पान हा माणूस वाचून दाखवतोय की काय, असं वाटलं. ते एका सापाबद्दल बोलत होते. मण्यार.

मित्रांनो, आपल्या परभणी जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. जिंतूरकडचा डोंगराळ भाग सोडला तर सगळी काळी जमीन आणि शेती. त्यामुळं आपल्याला वाटतं विषारी साप म्हणजे कोकणातला, घाटातला विषय. प्रत्यक्षात माणसांचे सर्वात जास्त जीव घेणारे भारतातले चार साप, नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार, हे घनदाट जंगलावर अडून बसलेले नाहीत. जिथं उंदीर, तिथं ते. आणि उंदीर कुठं असतात हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

या चौघांत मण्यार सगळ्यात शांत. नाग फणा काढतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. फुरसे अंग अंगावर घासून करकर आवाज करतं. मण्यार काहीच करत नाही. साधारण तीन फुटांचा, कधी चार-पाच फुटांपर्यंतही जाणारा हा साप. रंग चकचकीत काळा, निळसर झाक असलेला. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुतेकदा जोडीजोडीनं. मोठ्या सापात मानेकडं हे पट्टे नसतात किंवा नुसते ठिपके असतात, शेपटीकडं स्पष्ट होत जातात. पाठीच्या मधोमध षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक रांग असते.

आपल्याकडं घराघरात निघणारा कवड्या साप यासारखाच दिसतो. तो बिनविषारी. त्याचे पट्टे उलट, मानेकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट. पण हे वाचून कुणी ओळख पटवायला साप हातात घेऊ नका. रात्री टॉर्चच्या उजेडात भलेभले चुकतात.

मण्यार पूर्ण निशाचर. दिवसा तो वारुळात, उंदराच्या बिळात, विटांच्या ढिगात, दगडांच्या रचलेल्या भिंतीच्या फटीत, लाकडाच्या गंजीखाली पडून राहतो. दिवसा डिवचला तरी सहसा चावत नाही, अंगाचं वेटोळं करून त्याखाली डोकं लपवतो. त्यामुळं काही लोकांना तो गरीब वाटतो. तोच साप रात्री वेगळा असतो. अंधार पडला की शिकारीला निघतो. उंदीर, पाली, सरडे, बेडूक खातो. आणि ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, तो मुख्यतः साप खातो. दुसरे छोटे साप, प्रसंगी मण्यारसुद्धा. मादी उन्हाळ्याच्या सुमारास आठ-दहा अंडी घालते आणि अंड्यांजवळ थांबते. पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की मोठे-लहान सगळेच कोरडी जागा शोधायला बाहेर पडतात.

कोरडी जागा कुठं? आपल्या घरात.

तो माणसाला चावायला येत नाही. पालीच्या, उंदराच्या मागं येतो. कुडाच्या फटीतून आत शिरतो. खाली अंथरूण असतं, त्याच्या कडेकडेनं सरकतो. झोपेत माणूस कूस बदलतो, हात त्याच्यावर पडतो, आणि तो चावतो. याचे दात इतके बारीक की डास चावला असंल, मुंगी चावली असंल, एवढंच वाटतं. कित्येकांना जागही येत नाही. घोणस चावली की पाय सुजतो, आग होते, माणूस ओरडतो. मण्यार चावला की सूज नाही, आग नाही, वण शोधून सापडत नाही. राजस्थानात तर लोकांनी यातून ‘पीवणा’ नावाच्या सापाची कल्पना केली, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास पिऊन टाकणारा. कल्पना खोटी, पण निरीक्षण खरं. माणूस रात्री चांगला झोपला आणि सकाळी श्वासच नाही.

आता विष काय करतं ते सोप्या भाषेत सांगतो. मेंदूचा हुकूम नसेतून येतो आणि नसेच्या टोकाला एक रसायन सुटतं, त्यानं स्नायू हलतो. मण्यारचं विष नसेची ही टोकंच निकामी करतं. आधी पापणी, मग जीभ, घसा, मान, हातपाय, आणि शेवटी छातीचे श्वासाचे स्नायू. थेंबाला थेंब तोलला तर हे विष नागाच्या विषापेक्षा जहाल आहे.

आपण ज्याला सापाची लस म्हणतो, ती प्रतिविष लस घोड्याच्या रक्तातून तयार करतात. आपल्या मुंबईची हाफकिन त्यासाठी जुनी प्रसिद्ध. एकच लस चारही सापांवर चालते, त्यामुळं साप कोणता हे सांगता आलं नाही तरी उपचार अडत नाही. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची गरज नाही. पण ही लस रक्तात फिरणारं विष पकडते. नसेची जी टोकं आधीच बंद पडली, ती लस दुरुस्त करत नाही. ती शरीर स्वतः दुरुस्त करतं आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोपर्यंत माणसाचा श्वास दुसऱ्या कुणीतरी चालू ठेवावा लागतो. मशीननं, नाहीतर हातानं दाबायच्या फुग्यानं, ज्याला अंबू बॅग म्हणतात.

हे नीट लक्षात घ्या. मण्यार चावलेला माणूस पापणी हलवत नाही, बोट हलवत नाही, डोळ्यात बॅटरी मारली तर बाहुलीही हलत नाही. बघणाऱ्याला वाटतं गेला. पण तो आत जागा असू शकतो, त्याला ऐकू येत असू शकतं. त्याचा श्वास चालवत राहिलं तर तो परत येतो, चालत घरी जातो. म्हणून अशा रुग्णाला ‘संपलं’ म्हणून परत फिरवणं आणि आपण रडारड करून गाडी गावाकडं वळवणं, दोन्ही चूक.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडसारख्या गावात राहून विंचूदंशावर जे काम केलं ते जगानं पाहिलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनीच २००४ मध्ये मण्यार आणि नागाच्या दंशाचे ग्रामीण भागातले रुग्ण आणि त्यांचे उपचार यावर शोधनिबंध लिहिला. सांगायचं कारण, हे सगळं फक्त पुण्या-मुंबईत जमतं असं नाही. रात्री जागा असलेला, लक्षण ओळखणारा डॉक्टर, कपाटात लस आणि हाताशी अंबू बॅग, एवढ्यावर जीव पुढच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचतो.

मग अडतं कुठं? माझ्या मते, मोजण्यात.

केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला. सरकारी आरोग्य यंत्रणेकडं २०१६ ते २०२० या काळात दरवर्षी सरासरी ३ लाख सर्पदंश आणि सुमारे २,००० मृत्यूंची नोंद झाली, असं त्याच्याच निमित्तानं समोर आलं. आता दुसरा आकडा. संशोधकांनी देशभर घरोघर जाऊन, मेलेल्या माणसाच्या शेवटच्या तासांची हकीकत विचारून जो अंदाज काढला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यातली चौथाईहून जास्त पंधरा वर्षांखालची लेकरं. निम्मे मृत्यू पावसाळ्यात. बहुतेक मृत्यू खेड्यात, घरीच.

२,००० आणि ५८,०००. मधली माणसं कुठं गेली? ती ‘झोपेत गेली’. ती ‘अटॅकनं गेली’. ती ‘बाहेरचं होतं’ म्हणून गेली. ती माझ्यासारख्या वार्ताहराच्या ‘कारण समजू शकले नाही’ या ओळीत गेली.

ज्याची नोंद नाही त्याची मागणी नाही. ज्याची मागणी नाही त्याचं औषध कपाटात नाही. तालुक्यात वर्षाला दोनच मृत्यू कागदावर असतील तर साठा त्या हिशोबानंच येणार. आणि कागद नसला की मदतही नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी आधी तो सर्पदंश होता हे कागदावर यावं लागतं. पोस्टमॉर्टेम नको म्हणणारा बाप आपल्याला समजतो, पण त्या एका नकारात कारणही जळून जातं. शिवाय ही योजना सातबारा असणाऱ्यांसाठी, खातेदार आणि त्याच्या घरातला एक माणूस. जमिनीवर झोपणाऱ्यांत बिनजमिनीचे जास्त, आणि ते या योजनेत बसतच नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र लिहून सर्पदंश हा ‘नोंद बंधनकारक’ आजार करा असं सांगितलं. म्हणजे सरकारी असो की खाजगी, प्रत्येक दवाखान्यानं प्रत्येक रुग्ण कळवायचा. माझ्या दृष्टीनं कोणत्याही नव्या इमारतीपेक्षा हे मोठं काम आहे. आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात ही नोंद कुठल्या रजिस्टरला होते, एवढं तरी ग्रामसभेत विचारा. लशीच्या किती कुप्या आहेत, रात्री कोण असतं, अंबू बॅग आहे का, हेही विचारा. रस्ता-नाल्यांवर आपण तासभर भांडतो, हा प्रश्न दोन मिनिटांचा आहे.

आणखी एक. रात्रीची लाईट. रब्बीत रात्री बारा-एकला मोटर चालू करायची, बारं द्यायचं आणि मग आखाड्यावर पोत्यावर आडवं व्हायचं, हे आपल्याकडं किती जण करतात? दाऱ्यावर पायाला चावते ती बहुधा घोणस किंवा नाग. आखाड्यावर झोपल्यावर येतो तो मण्यार. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे. तिच्याकडं आपण वीजबिलाचा विषय म्हणून बघतो. तो जिवाचाही विषय आहे.

नेपाळच्या तराईतले दोन अनुभव सांगतो, कारण तिथली घरं आणि माणसं आपल्यासारखीच. एक, मच्छरदाणी नीट खोचून झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी होतो, हे तिथल्या अभ्यासात २००७ ला दिसून आलं. दोन, तिथं काही गावांनी मोटरसायकलवाल्या पोरांची यादी केली, चावलं की थेट उपचार केंद्रात न्यायचं, मधे दोघांच्यामध्ये रुग्ण बसवून. सोबत लोकांना माहिती दिली. त्या गावांत सर्पदंश झालेल्यांत दगावण्याचं प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आलं. ना हेलिकॉप्टर, ना कोट्यवधींचा निधी. आपल्या गणपती मंडळात जेवढी पोरं असतात त्याच्या चौथाईत हे काम होतं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. मागच्या दिवाळीनंतर मी त्या घरी गेलो. का गेलो हे सांगणं अवघड आहे, पण फाईलमधलं ते कात्रण टोचत होतं. विटांचं घर झालंय. बाप आता साठीकडं झुकलाय. मी पेपरवाला म्हणून ओळख दिली, त्यांना आठवत होतं. चहा झाला. मग मी भीतभीत मण्यारचं सांगितलं. पोट, डोळे, गिळणं, सगळं.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “साहेब, तेराव्याच्या आदल्या दिवशी विटा हलवल्या होत्या. खाली निघाला होता. काळा, पांढऱ्या कड्याचा. पोरांनी मारला. आमच्या ध्यानातबी आलं नाही. साप चावला असता तर वण नसता का दिसला?”

मी काही बोललो नाही.

मग त्यांनी विचारलं, “तवा कळलं असतं तर काय झालं असतं? ती तर गेलीच होती.”

या प्रश्नाचं उत्तर मी घरी येईपर्यंत शोधत होतो. खरं उत्तर त्यांच्या घरातच होतं. ती गेल्यावरही धाकटं पोरगं पुढं कित्येक वर्षं त्याच जागी, त्याच विटांच्या शेजारी, जमिनीवर झोपत होतं. कळलं असतं तर त्याला तरी बाजेवर झोपवलं असतं. शेजारच्या चार घरांनी विटा-लाकडं दारापासून लांब नेली असती. गावातल्या डॉक्टरांना पुढच्या वेळी पोटदुखीसोबत जड पापणी दिसली असती. आणि माझी बातमी सात ओळींची का असेना, पण कामाची झाली असती. गेलेल्या माणसाचं कारण शोधायचं ते मागं राहिलेल्यांसाठी.

म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. पावसाळ्यात जमेल तेवढं बाजेवर, खाटेवर झोपा. बाज नसेल तर मच्छरदाणी घ्या आणि ती अंथरुणाखाली नीट खोचा. विटा, लाकडं, गोवऱ्या, पऱ्हाट्या घराच्या भिंतीला लावून रचू नका. उष्टं-धान्य उघडं ठेवून उंदीर बोलावू नका. रात्री उठलात तर बॅटरी लावूनच पाय खाली ठेवा.

आणि मध्यरात्री-पहाटे घरातल्या कुणाचं अचानक पोट दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर वण शोधत बसू नका. मारुतीच्या पारावर नेऊन लिंबाचा पाला चावायला देऊ नका. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका. धीर द्या, कमीत कमी हालचाल करू द्या, १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ असेल तर मिळेल त्या गाडीनं थेट सरकारी दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांना स्वतः सांगा, ‘जमिनीवर झोपला होता, साप पाहिला नाही, पण मण्यारचा संशय आहे.’ हे एक वाक्य पाठ करून ठेवा, घरच्यांकडूनही करून घ्या.

माझ्या पत्रकार मित्रांनाही एक विनंती. ‘झोपेत मृत्यू’ अशी बातमी आली तर सात ओळी पाठवण्याआधी आईला एक प्रश्न विचारा. लेकरू कुठं झोपलं होतं?

मी तो विचारला नव्हता.